घोड्याचे अंगमर्दन

भाकरी का करपली, घोडा का अडला आणि पान का सडले, या तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर असलेले जुने कोडे मराठी घरांतून अजूनही ऐकू येते. ‘न फिरविल्यामुळे’ हे ते उत्तर. ज्याने हे कोडे प्रथम घातले, त्याला घोड्याच्या देहाची चांगली जाण असली पाहिजे. चालणे हा या प्राण्याचा स्वभावधर्म आहे. ठाणावर बांधून ठेवलेला घोडा अंगाने आखडतो आणि अखेर अडतो. परंतु अति फिरवल्याने, अति ओझे वाहिल्याने आणि अति धावल्यानेही तो आखडतोच. अशा आखडलेल्या अंगाला मर्दनाने आराम पडतो, या अनुभवावर आज जगात एक स्वतंत्र व्यवसाय उभा आहे. त्याच्याकडून घोड्याच्या मालकाने कशाची अपेक्षा धरावी आणि कशाची धरू नये, हा प्रश्न वाटतो तितका हौसेचा नाही.

आपल्याकडे ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हे. मराठ्यांच्या फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई आणि बारगिराला तो सरकारी पागेतून मिळे. पण घोडा कोणाचाही असो, त्याला खरारा करणे हे नित्याचे काम होते. खराऱ्याने धूळ निघते हे खरेच. परंतु मोतद्दार अंगाचा भार देऊन हात चालवतो, तेव्हा साफसफाईबरोबर मर्दनही घडत असते. ग्रीक लेखक झेनोफन याने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. घोड्याच्या कण्यावर कोणतेही हत्यार न चालवता केसांच्या दिशेने नुसता हात फिरवावा, असे त्याने त्यात बजावले आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॅक मीगर या अमेरिकन मर्दनतज्ज्ञाने खेळाडूंच्या स्नायूंना लावलेली पद्धत घोड्यांना लावली आणि तेथून या जुन्या सेवेला शास्त्राची परिभाषा मिळू लागली.

घोड्याला मर्दनाची गरज का भासते, हे त्याच्या रचनेवरून कळते. चारपाचशे किलो वजनाच्या या देहाचा निम्म्याहून अधिक भार पुढच्या दोन पायांवर असतो. माणसाला गळ्याखाली जे हाड असते, ते घोड्याला नाही. त्याचे पुढचे पाय धडाला हाडांनी जोडलेले नसून केवळ स्नायूंनी व त्यांच्या बंधांनी जणू झोळीसारखे धड तोलून धरतात. स्वाराचे वजन आणि उताराचा धक्का प्रथम सोसावा लागतो तो या स्नायूंना. उलटपक्षी, गुडघ्याच्या खाली पायात मांसल स्नायू जवळजवळ नसतात, तेथे कंडरा असतात. म्हणून खांदा, मान, पाठ आणि पुठ्ठा हे मर्दनाचे क्षेत्र. पायाच्या नळीवरील सूज हा पशुवैद्याचा प्रांत.

आता संशोधनाची साक्ष. घोडे परस्परांची मान व पाठ दातांनी खाजवतात, हे कुरणात पाहावयास मिळते. मान जेथे पाठीला मिळते, त्या उंचवट्याजवळ खाजवले असता घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे 1993 साली फ्रान्समधील अभ्यासात दिसून आले. पुढे 2004 मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी मर्दनाचा प्रयोग केला, तेव्हाही असाच परिणाम आढळला. 2008 मधील एका प्रयोगात पाठीवर किती दाब दिला असता घोडा दुखल्याची खूण दाखवतो, हे मोजण्यात आले. मर्दनानंतर आठवड्याने ही सहनशक्ती सुमारे 12 टक्क्यांनी वाढलेली होती. मात्र हे प्रयोग थोड्या घोड्यांवर झालेले आहेत. मर्दनाने घोडा शांत होतो आणि पाठीचा ताठरपणा काही काळ कमी होतो, एवढे त्यांवरून म्हणता येते. अंगातील विषे निघून जातात, जुना लंगडेपणा बरा होतो, शर्यत हमखास जिंकता येते, असले दावे त्यांतून निघत नाहीत.

चांगला मर्दनकार घोड्याला हात लावण्यापूर्वी मालकाला प्रश्न विचारतो. घोडा काय काम करतो, खोगीर कधी बदलले, नालबंद केव्हा येऊन गेला, पूर्वी कोठे दुखापत झाली, हे तो जाणून घेतो आणि घोड्याला चालवून पाहतो. मग तळहाताने, हलक्या दाबापासून आरंभ करून, अर्धा ते एक तास तो काम करतो. घोडा मान खाली सोडू लागला, खालचा ओठ लोंबला, डोळे अर्धवट मिटले, त्याने जीभ फिरवली, तर हात योग्य जागी आहे असे समजावे. कान मागे पाडले, शेपटी झटकली, पाठ खाली दबवली, तर तेथे दुखते आहे. त्या ठिकाणी जोर न करता थांबणे, हीच कारागिरी. त्या दिवशी घोड्याला सावकाश फिरवावे, जड काम देऊ नये.

काही वेळी मर्दन मुळीच करू नये. ताप, पोटशूळ, ताजी जखम, उघडा त्वचारोग ही उघड कारणे आहेत. परंतु श्रमानंतर पुठ्ठ्याचे स्नायू दगडासारखे कठीण झाले, घाम सुटला, घोडा पाऊल उचलेना आणि मूत्र काळपट झाले, तर मालकाला मर्दनाचा मोह होण्याचा संभव असतो. अशा वेळी घोडा चोळूही नये आणि चालवूही नये. तत्काळ पशुवैद्य बोलवावा. रोगनिदान व औषधोपचार हा भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 अन्वये नोंदलेल्या पशुवैद्याचा अधिकार आहे.

खरा धोका मात्र याहून सूक्ष्म आहे. माथेरानला खाजगी मोटारींना बंदी असल्याने तेथील कित्येक कुटुंबांची चूल घोड्याच्या पाठीवर पेटते. हंगामात घोडा एक दिवस उभा राहिला, तरी त्या दिवसाची कमाई बुडते. महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानावर रकमेचा आकडा मोठा असेल, पण घाई तीच. अशा घाईत मर्दनाने घोडा तासभर मोकळा झाला म्हणून त्याला लगेच खोगीर चढवले, तर दुखणे लपते, जात नाही. घोडा हा भक्ष्य होणाऱ्या प्राण्यांच्या कुळातील आहे. वेदना लपवणे हे त्याच्या रक्तात आहे. एकच जागा आठवड्यामागून आठवडे पुन्हा कठीण होत असेल, तर दोष बहुधा त्या स्नायूचा नसतो. खोगीर बोचत असेल, तंग चुकीचा आवळला असेल, नाल वाकडा बसला असेल, दाताला टोक आले असेल, किंवा स्वार एका बाजूला झुकून बसत असेल. कारण तसेच ठेवून अंग चोळीत राहणे म्हणजे गळके छप्पर तसेच ठेवून रोज जमीन पुसण्यासारखे आहे.

म्हणून मर्दनाचा सर्वांत मोलाचा लाभ पैसे देऊन मिळणारा नाही. रोज खरारा करताना दहा मिनिटे उघडा तळहात दोन्ही बाजूंनी सारख्याच क्रमाने फिरवणाऱ्या मालकाला घोड्याचे अंग पाठ होते. कोठे ऊब वाढली, कोठे गाठ आली, कोणत्या बाजूला घोडा आज दचकला, हे त्याला लंगडेपणा दिसण्याआधी कळू शकते. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा विकत घेणारा जाणकार डोळ्यांइतकाच हातांवर विश्वास ठेवतो. तोच विश्वास घोडा घरी आणल्यावरही राहिला पाहिजे. मर्दनाने घोड्याला विसावा मिळतो आणि मालकाला सूचना मिळते. पुन्हा कामाला जुंपण्याची परवानगी मात्र मर्दन देत नाही; ती घोड्याच्या चालीवरून आणि पशुवैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावी लागते.