नोकरीनंतर पुन्हा डॉक्टरकीचा अभ्यास

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदा घरातल्याच विषयावर कुणीतरी बोलावे असे कमिटीने ठरवले आणि माझे नाव पुढे केले. मी सातवी शिकलेली, भाषणाची सवय नाही. तेव्हा दुपारी ओट्यावर बसून बोलावे तसे बोलते. विषय तुम्हांला ठाऊकच आहे, गेले सहा महिने जिन्यात तोच चालला आहे. माझी थोरली चांगली नोकरी असताना पुन्हा डॉक्टरकीच्या परीक्षेला बसते म्हणते, तिला बसू द्यावे की नाही?

बारावीनंतर नीटच्या परीक्षेत तिला गुण कमी पडले. धाकटा तेव्हा नववीत होता. आणखी एक वर्ष तिला क्लासला घालणे आम्हांला झेपणारे नव्हते. तिने लॅबचा डिप्लोमा केला, आणि आता चार वर्षे रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. वय २४. तिच्या पगारातून घराचा हप्ता जातो. हे मी उघड सांगते, कारण खरी अडचण तीच आहे. लग्नाचे काय, वयाचे काय, असे विचारणाऱ्या पुष्कळ भेटतात. हप्त्याचे काय, हे कुणी विचारत नाही.

वयाची गोष्ट आधी संपवते. पूर्वी नीटला खुल्या वर्गासाठी २५ आणि राखीव वर्गासाठी ३० वर्षांची अट होती. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ती अट काढली. आता कमीत कमी १७ वर्षे पूर्ण लागतात, वरची मर्यादा नाही. बारावीला जीवशास्त्र न घेतलेल्या मुलामुलींनी ते नंतर जादा विषय म्हणून पास केले तरी चालते, असेही २०२३ साली ठरले. तेव्हा “आता कोण घेते तिला?” हे म्हणणे सोडून द्यावे. घेतात. परीक्षा मराठीतूनही देता येते.

पण सोपे आहे असेही मी म्हणत नाही. परीक्षा ७२० गुणांची. त्यांत जीवशास्त्राचे ३६०, भौतिकशास्त्राचे १८० आणि रसायनशास्त्राचे १८०. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकले तर एक जातो. लॅबमध्ये काम केले म्हणून भौतिकशास्त्र येत नाही. सहा वर्षांत ते पार पुसले गेले, असे ती स्वतःच म्हणते. पुढे साडेचार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. इंटर्नशिपला थोडे विद्यावेतन मिळते, पण तोवर साडेचार वर्षे घरात पगार नाही. खाजगी कॉलेजची फी तर वर्षाला कित्येक लाख, तो विचार आम्ही केलेलाच नाही. सरकारी मिळाले तरच.

मग चार वर्षे फुकट गेली का? मला तसे वाटत नाही. लहान मुलाची शीर सापडत नाही, आई रडते, पोर हात ओढते, तेव्हा काय बोलायचे ते तिला येते. रिपोर्ट हातात घेताना माणसाचा चेहरा कसा होतो ते तिने रोज पाहिले आहे. हे परीक्षेत विचारत नाहीत. पण उद्या मी आजारी पडले तर असा डॉक्टर मला हवा.

आणि हे काही आजचे नवल नव्हे. मुंबईचे कामा हॉस्पिटल १८८६ साली सुरू झाले. तिथे मुख्य डॉक्टर म्हणून काम केलेल्या एडिथ पीची या इंग्रज बाई आधी शिक्षिका होत्या, लोकांच्या घरी राहून मुलांना शिकवीत. १८६९ साली त्या एडिंबरोला डॉक्टरकी शिकायला गेल्या, तेव्हा त्यांचे वय २३-२४, माझ्या मुलीएवढेच. रसायनशास्त्रात पहिल्या आल्या, तर शिष्यवृत्ती खालच्या नंबराच्या पुरुषाला दिली. पुढे विद्यापीठाने बायकांना पदवीच नाकारली. त्या घरी परतल्या नाहीत, स्वित्झर्लंडला बर्न येथे जाऊन १८७७ साली पदवी घेतली. वय ३१. आपल्या रखमाबाईंना विलायतेला डॉक्टरकी शिकायला जाण्यासाठी ज्यांनी मदत केली त्यांत या बाई होत्या. माझी मुलगी पुढच्या वर्षी लागली तर तीही साधारण ३१ व्या वर्षी डॉक्टर होईल.

आता हप्ता. धाकट्याचे शिक्षण यंदा संपते. मी सगळ्यांना जेवायला बसवले आणि विचारले, ताईने सहा वर्षांपूर्वी वाट सोडली ती घरासाठी. आता हप्ता कोण घेणार? ह्यांनी ताटाकडे पाहिले. धाकटा गप्प. दोन दिवसांनी म्हणाला, नोकरी लागली की अर्धा मी देईन. उरलेल्यासाठी मी डब्यांचे काम वाढवले आहे, आता अकरा डबे जातात. दोनदा परीक्षा द्यायची, नाहीच झाले तर परत लॅब, असे तिनेच ठरवले आहे. डिसेंबरपासून ती अर्धा दिवसच कामाला जाईल, मालकांनी कबूल केले आहे.

एक गोष्ट मात्र मला रोज टोचते. अठरा वर्षांचे पोर पुस्तक घेऊन बसले की सगळे हळू बोलतात. चोवीस वर्षांची मुलगी बसली की घरात ती रिकामी दिसते. पाहुणे आले, चहा टाक. आजीला दवाखान्यात ने. मुलगा असता तर सांगितले असते का? आमच्याकडे मी चहा स्वतः टाकायला लागले आहे. पण दोन खोल्यांत टीव्ही आहे, आजीचा खोकला आहे, माझ्या कुकरच्या शिट्ट्या आहेत.

म्हणून मंडळाकडे एक मागणे आहे. आपला हा हॉल दुपारी बारा ते चार बंद असतो. तिथे चार टेबले आणि एक पंखा आहेच. आपल्या चाळीत आणि मागच्या वाडीत अशा आणखी तीन मुली आहेत, एकीचे बँकेच्या परीक्षेचे चालले आहे, दोघी बारावीच्या. किल्ली माझ्याकडे द्या. उघडणे, झाडणे, बंद करणे मी करीन, आणि विजेचे जे जादा येईल ते आम्ही चौघीजणी वाटून देऊ. पुढच्या सभेत हा विषय घ्यावा, अशी मी सेक्रेटरीबाईंना विनंती करते.