विजेची जोखीम कुणाच्या खात्यावर?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथं राहायला आलो, तेव्हा मेणबत्ती आणि काडेपेटी कुठं ठेवली आहे हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असायचं. आज दहा मिनिटं लिफ्ट बंद पडली तर वॉचमनला चार फोन जातात. वीज आपल्या एवढी अंगवळणी पडली आहे की ती येते कुठून, हा विचारच मनात येत नाही.

मागच्या वार्षिक सभेत गच्चीवर सोलर बसवण्याचा ठराव आला, तेव्हा विरोधात बोलणाऱ्यांत मीही होतो. वादळात पॅनेल उडालं तर? पोरं वर गेली आणि शॉक बसला तर? ठराव पुढं ढकलला गेला. नंतर मनात आलं, आयुष्यभर बँकेत कर्जाची जोखीम तपासली, ही जोखीम मात्र नुसत्या भीतीवर ठरवली. मग बसून हिशोब मांडला. तोच आज तुमच्यापुढं ठेवतो.

सुरुवात घरापासून करू. आपल्या शहापूर तालुक्यातलं भातसा धरण. धरण भरत असताना १९८३ साली त्या भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले. सप्टेंबरमध्ये तर सुमारे ४.९ तीव्रतेचा धक्का बसला. त्याआधी, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला होता आणि त्यात पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. माझ्या पिढीला ती पहाट अजून आठवते. कोयना धरणाला तडे गेले, पण ते टिकलं, दुरुस्त झालं, आणि आजही महाराष्ट्राला वीज देतं आहे.

दुसरं नाव तारापूर. २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत ते आपल्याच जिल्ह्यात होतं. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र तिथं १९६९ पासून चालू आहे. अणू म्हटलं की १९८६ चं चेर्नोबिल आणि २०११ चं फुकुशिमा डोळ्यांपुढं येतं. ती भीती खोटी नाही. अणुकचरा हजारो वर्षं सांभाळावा लागतो, हेही खरं.

आता तिसरं, कोळसा. नाशिकजवळचं एकलहरे, तिकडं चंद्रपूर. त्यांची भीती वाटते असं म्हणणारा मला तरी कुणी भेटलेला नाही. पण हिशोब बघा. एक युनिट वीज करायला ढोबळमानानं दोन-तृतीयांश किलो कोळसा जळतो. आपल्या कोळशात राखेचं प्रमाण ३० ते ४० टक्के. म्हणजे एका युनिटमागं पाव किलोच्या आसपास राख! बरीचशी राख यंत्रणा पकडते, पण बारीक कण आणि वायू हवेत जातात, लोकांच्या छातीत बसतात. खाणीतले अपघात आणखी वेगळे.

अभ्यासकांनी हे सगळं एका मापात मोजलं आहे. शंभर कोटी युनिट वीज तयार होताना अपघात आणि हवेचं प्रदूषण मिळून किती माणसं जातात? जागतिक अंदाज असा: कोळसा सुमारे २५, खनिज तेल १८, नैसर्गिक वायू ३, जलविद्युत १.३. आणि वारा, अणू, सूर्य या तिघांचा आकडा प्रत्येकी ०.१ च्याही खाली. चेर्नोबिल आणि फुकुशिमा धरूनसुद्धा! जलविद्युतचा आकडा वर जातो तो मुख्यतः १९७५ साली चीनमध्ये बानच्याओ धरण फुटलं त्या एका दुर्घटनेमुळं.

हे अंदाज आहेत, पासबुकातली शिल्लक नव्हे. पण फरक एवढा मोठा आहे की थोडं इकडंतिकडं झालं तरी क्रम बदलत नाही. अपघात एका दिवसात होतो, पेपरात मोठा मथळा येतो. धूर रोज थोडा थोडा खर्ची पडतो, त्याची नोंद कुणी करत नाही. बँकेत आम्ही मोठ्या थकबाकीदाराच्या मागं धावायचो आणि बारीकसारीक गळती वर्षानुवर्षं चालू राहायची. तसंच हे.

पण आकड्यांत न बसणारीही एक गोष्ट आहे. वीज एकाची आणि जोखीम दुसऱ्याची. १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, तो मुंबईच्या विजेसाठी त्यांच्या जमिनी बुडणार होत्या म्हणून. तारापूरच्या नव्या अणुभट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. ही माणसं मृत्यूच्या आकड्यात कुठंच नाहीत, पण किंमत त्यांनी मोजलीच ना?

आपल्या तालुक्यात चोंढ्याला घाटघर प्रकल्पाचं खालचं धरण आहे. वरचं धरण घाटमाथ्यावर, अकोले तालुक्यात. २५० मेगावॅटचा हा प्रकल्प २००८ साली सुरू झाला. मागणी कमी असते तेव्हा पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज करायची. जितकी वीज मिळते त्याहून जास्त पाणी चढवायला लागते, म्हणजे हा विजेचा साठा, एक प्रकारची ठेव. मग पाणी कोळशाच्या विजेवर चढवलं तर तो धूर चोंढ्याच्या विजेच्या नावावरही पडतो. दिवसाच्या उन्हाच्या विजेवर चढवलं तर पडत नाही.

आता पुन्हा आपल्या गच्चीवर येऊ. सोलरला जोखीम नाही असं मी म्हणणार नाही. ऊन असेपर्यंत पॅनेलमध्ये वीज असतेच, खालचा स्विच बंद केला तरी. पॅनेल बसवताना किंवा धुताना माणूस उंचावरून पडू शकतो, हा तर मोठाच धोका. पण या सगळ्यावर उपाय आपल्या हातात आहेत. पक्का कठडा, कामगाराला सेफ्टी बेल्ट, वाऱ्याचा हिशोब करून बांधलेला सांगाडा, नीट अर्थिंग, वीजरोधक आणि गच्चीला कुलूप. आणखी एक, बॅटरी नसेल तर लाइट गेल्यावर सोलरही बंद होतं. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ते तसंच ठेवलेलं असतं. तेव्हा घेण्याआधी हे समजून घ्या, मागाहून तक्रार नको.

सोसायटीच्या सामायिक वापरासाठी केंद्राच्या सूर्यघर योजनेत किलोवॅटमागं १८,००० रुपये अनुदान ठरलं आहे. बाकीच्या खर्चाचा हिशोब समितीनं मांडावा, तपासायला मी बसतो.

आणि जाता जाता एक. वीज तयार होताना जातात ती माणसं वेगळी, पण आपल्या देशात नुसत्या शॉकनं दरवर्षी दहा हजारांहून अधिक जीव जातात. तेव्हा सोलरचा निर्णय होईल तेव्हा होईल, प्रत्येकानं घरातलं अर्थिंग आणि ईएलसीबी या पावसाळ्याआधी तपासून घ्या. त्याला ठरावही लागत नाही.

पुढच्या सभेत सोलरचा ठराव पुन्हा येईल. या खेपेला माझा हात वर असेल. वीज आपण वापरणार, तर तिची थोडी जोखीम आपल्याच गच्चीवर असावी, हे मला रास्त वाटतं. तुम्हीही विचार करा.