दुःख गिळू नका, दुःख मांडा
(पेण व रोहा येथील महिलांच्या बैठकींत केलेले भाषण)



मी आपल्यापुढे वकील म्हणून उभी आहे. तथापि आज ज्या दुःखाविषयी मी बोलणार आहे, ते कोर्टाची पायरी क्वचितच चढते. ते चुलीपाशी राहते, बाळंतिणीच्या उशाशी राहते, आणि घरच्या माणसांनाही दिसत नाही.

काही काळापूर्वी रोह्याकडच्या एका खेड्यातून एक तरुण माता माझ्याकडे आली. मूल तीन महिन्यांचे. सोबत नवरा आणि सासू. त्यांना सोडचिठ्ठीविषयी विचारावयाचे होते. बोलत होते ते दोघेच; ती मान खाली घालून बसली होती. तिची झोप उडाली होती, अन्न जात नव्हते, मूल रडले तरी उचलून घ्यावेसे वाटत नव्हते. बाळंतपणात ती कळांनी ओरडली तेव्हा, "तुम्हां लोकांना तर सोसायची सवय असते," असे कोणीतरी चारचौघांत सुनावले होते. घरी आल्यावर मुलगी झाली म्हणून टोमणे. शेवटी ‘बाहेरची बाधा’ म्हणून भगताकडे नेण्याची तयारी झाली होती, आणि तीही बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात! मी दोघांना बाहेर बसविले व तिला विचारले, "बाई, तुला काय होते?" ती म्हणाली, "ताई, हे मला आजवर कोणी विचारलंच नाही."

भगिनींनो, आपल्या समाजात सोसणाऱ्या बाईची फार थोरवी गातात. माता रमाईंचे नाव घेऊन सुनेला सांगतात, ‘त्यांनी बघ किती सोसले!’ रमाई आपल्या कोकणची, वणंदची लेक. त्यांच्या पाच अपत्यांपैकी एकटे यशवंतराव वाचले. चार बालपणीच गेली. १९२६ साली राजरत्न गेला तेव्हा खुद्द बाबासाहेबांनी एका स्नेह्याला पत्र लिहून आपला शोक मोकळा केला. ज्या पुरुषाने साऱ्या व्यवस्थेशी झुंज घेतली, त्याला आपले दुःख शब्दांत मांडण्याची लाज वाटली नाही. मग आमच्या लेकीसुनांनीच ते का गिळावे? रमाईंच्या त्यागास वंदन करावे. परंतु तो त्याग दुसऱ्या बाईचे तोंड बंद करण्यास वापरणे, हा रमाईंचाच अपमान होय.

आपण ज्या धम्मात आलो, त्या धम्माचे पहिले आर्यसत्यच मुळी ‘दुःख आहे’ हे होय. भगवंताने दुःख झाकावयास सांगितले नाही. ते ओळखा, त्याचे कारण शोधा, ते दूर होऊ शकते हे जाणा आणि त्या मार्गाने चाला, असे सांगितले. दुःखाला नाव देणे ही धम्माची पहिली पायरी आहे.

बाळंतपणानंतर थोडे दिवस मन हळवे होते, रडू येते. ते बहुधा दोन आठवड्यांत निवळते. त्यापुढेही उदासी राहिली, किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर तो आजार समजावा. तो बाधा नव्हे, पाप नव्हे, आळसही नव्हे. त्यावर उपचार आहेत. मरणाचा विचार मनात आला, तर एक दिवसही थांबू नये.

सातासमुद्रापलीकडे अमेरिकेतील कृष्णवर्णीय भगिनींची कहाणी आपल्याहून निराळी नाही. तेथे त्यांच्यात बाळंतपणातील मृत्यूंचे प्रमाण गोऱ्या स्त्रियांच्या सुमारे तिप्पट आहे. ‘ह्या बायका कणखर, ह्यांना काय होते?’ हे तेथेही त्यांना ऐकावे लागते. १९८३ साली बिली एव्हरी या बाईंच्या पुढाकाराने अटलांटा शहरी त्या एकत्र जमल्या. पुढे त्यांनी ठिकठिकाणी लहान लहान मंडळे केली. तेथे प्रत्येकीने आपले खरे दुःख सांगावयाचे व बाकीच्यांनी ऐकावयाचे. आपल्या बुद्धविहारात वंदनेनंतर आठवड्यातून एक घटका स्त्रियांनी असे बसण्यास काय हरकत आहे?

आता हक्कांविषयी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी यंत्रणेकडून मनाच्या आजारावर उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. आपला आजार गुप्त राखला जाणे हाही हक्कच. उपचारासाठी दाखल झालेल्या मातेपासून तीन वर्षांखालील मूल सहसा तोडू नये, असेही त्यात आहे. म्हणून ‘मूल काढून घेतील’ ही भीती बाळगू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात, मुलगा झाला नाही म्हणून बाईला हिणविणे हा छळ मानला आहे. जातीवरून जाणूनबुजून चारचौघांत अपमान केल्यास १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, आणि १९९० च्या दुरुस्तीपासून धर्मांतरित बौद्धांनाही अनुसूचित जातीचे संरक्षण मिळालेले आहे. वकिलाला द्यावयास पैसा नसेल, तर पेण असो वा रोहा, तालुक्याच्या कोर्टातील विधी सेवा समितीकडे जा. स्त्रीला तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मन फार दाटून आले तर १४४१६ ह्या सरकारी क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीतून विनामूल्य बोलता येते.

परंतु कायदा मुक्याचे ऐकत नाही. म्हणून त्या मातेला मी चार वाक्ये शिकविली, तीच आपणही पाठ करावी: मला काय होते, किती दिवसांपासून होते, मला काय हवे आहे, आणि आपण नाही म्हणत असाल तर तसे कागदावर लिहून द्या. कोणी अपमान केला तर तारीख, वेळ, नेमके शब्द व हजर माणसे त्याच दिवशी वहीत लिहावी. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकराकडून लिहवून घ्यावे.

ती माता भगताकडे गेली नाही. सरकारी रुग्णालयात गेली. डॉक्टर नवऱ्याला विचारू लागले, तेव्हा ती म्हणाली, "मी सांगते." हे दोन शब्द उच्चारावयास तिला तीन महिने लागले. औषध सुरू झाले, सासूने रात्री मूल सांभाळले, आणि सोडचिठ्ठीचा कागद पुन्हा कोणी मागितला नाही.

बांधवांनो, आपल्याला एवढेच सांगते की, तिला शहाणपण शिकवू नका, आधी विचारा आणि ऐका. भगिनींनो, याच जिल्ह्यात महाडला १९२७ च्या डिसेंबरात बाबासाहेबांनी आपल्या आज्यापणज्यांना सांगितले की, अस्पृश्यतेची खूण दाखविणारे लुगडे नेसणे सोडा. आणि त्यांनी नेसण्याची तऱ्हा बदलली. मुकाट्याने सोसणे हीदेखील त्याच गुलामीची खूण आहे. ती आता आपण टाकली पाहिजे.

जयभीम! नमो बुद्धाय!