गरोदर बाईची इजा कोण मोजणार?



गरोदरपणातल्या गुंतागुंतीवरचं संशोधन म्हटलं की लंडन, जिनिव्हा, फार तर मुंबई-दिल्ली डोळ्यांपुढे येतात. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्यांनी ते वाचायचं आणि पाळायचं, असा आपला समज. आज माढ्यात उभी राहून मी याच्या नेमकं उलट सांगणार आहे. या विषयातली काही मोलाची कामं आपल्याच मुलखात झाली. आणि जे काम अजून धड झालेलं नाही, म्हणजे गरोदर बाईला होणाऱ्या इजांची नोंद, ते करायला आपल्या तालुक्यासारखी जागा शोधून सापडणार नाही.

सुरुवात आपल्या जिल्ह्याच्या सोलापूरपासूनच करते. गरोदरपणात रक्तदाब चढून झटके येतात, त्या एक्लाम्प्सियावर मॅगसल्फ हे औषध आज सगळे देतात. 1995 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अनेक देशांच्या चाचणीत ते डायझेपाम आणि फेनिटॉइनपेक्षा सरस ठरलं. 2002 च्या ‘मॅगपाय’ चाचणीत 33 देशांतल्या 10 हजारांहून अधिक स्त्रियांमध्ये त्यानं झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी केला. पण डोस कुठला? आपण शिकलो तो प्रिचर्ड यांचा, डॅलसच्या पार्कलँड रुग्णालयातला : सुरुवातीला 14 ग्रॅम, मग दर 4 तासांनी 5 ग्रॅम कमरेत. तो बेतला गेला अमेरिकन बाईच्या अंगलटीवर. आपल्याकडची बाई कशी आहे? पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या केईएम रुग्णालयाच्या गटानं 1993 पासून जो अभ्यास केला, त्यातल्या आयांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन सुमारे 42 किलो होतं. एवढ्याशा जिवाला तोच डोस द्यायचा का, हा प्रश्न सोलापुरात डॉ. सुमन सरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारला. भारतीय बाईच्या अंगाला मानवेल असा कमी मात्रेचा क्रम वापरून पाहिला आणि 2003 मध्ये तो छापला. ढाक्यातही त्याच सुमारास अशा कमी डोसवर काम झालं होतं.

ज्यांनी मॅगसल्फ दिलं आहे त्यांना या प्रश्नाचं वजन कळेल. प्रत्येक डोसआधी सिस्टर हातोडी घेऊन गुडघ्याखाली हलकेच ठोकते, पाय उडतो का पाहते, मिनिटभर श्वास मोजते, लघवीची पिशवी उचलून बघते. पाय उडाला नाही तर डोस थांबतो. कॅल्शियम ग्लुकोनेटची सुई भरून उशाशी ठेवलेली असते. औषध जास्त झालं तर गुडघा सर्वांत आधी सांगतो, श्वास नंतर. जिथे रक्तातलं मॅग्नेशियम तपासायची सोय नाही, रात्री एकच सिस्टर चार खाटा बघते, तिथे कमी डोसनं काम भागणं ही बाईच्या जिवाची गोष्ट असते. डोस कमी करताना झटके परत येत नाहीत ना, हे तितक्याच काटेकोरपणे बघावं लागतं आणि त्यावर आजही मतभेद आहेत. पण प्रश्न विचारला गेला तो सोलापुरात, हे मला तुमच्यापुढे ठासून सांगायचं आहे.

दुसरं उदाहरण बेळगावचं. बाळंतपणानंतर किती रक्त गेलं हे आपण वर्षानुवर्षं नजरेनं ठरवत आलो : ‘जरा जास्त गेलं’, ‘बेताचं गेलं’. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी साध्या प्लॅस्टिकची एक शीट तयार केली. बाळ बाहेर आलं की ती बाईच्या खाली सरकवायची, कमरेला बांधायची. रक्त नरसाळ्यासारख्या पिशवीत उतरतं आणि पिशवीवर रेघा असतात. नजरेचा अंदाज या पिशवीपेक्षा सुमारे 33 टक्के कमी भरत होता, असं दिसून आलं. म्हणजे अर्धा लिटर गेलं तेव्हा आपण ‘फार नाही’ म्हणत होतो. याच शीटच्या आधारे बेळगाव जिल्ह्यातल्या 1620 बाळंतिणींवर चाचणी झाली, एएनएमनी तोंडावाटे मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या आणि रक्तस्रावाचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आलं. 2006 च्या ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. पुढे 2023 मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांत ‘ई-मोटिव्ह’ चाचणी झाली. रेघा असलेल्या शीटनं रक्त मोजायचं, रेघ ओलांडली की मसाज, औषधं, सलाइन, तपासणी हे सगळं एकदमच सुरू करायचं. गंभीर परिणामांत 60 टक्के घट झाली. माझी इथल्या प्रत्येक प्रसूतिगृहाला कळकळीची विनंती आहे : ही शीट वापरा. तिला वीज लागत नाही, तंत्रज्ञ लागत नाही.

गडचिरोलीबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते तुम्हाला माहीत आहे. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रिया तपासल्या तेव्हा 92 टक्क्यांना स्त्रीरोग निघाले; हे 1989 मध्ये छापून आलं. 2004 मध्ये 39 गावांतल्या 772 बाळंतिणींचा घरोघरचा अभ्यास आला : निम्म्याहून अधिक जणींना बाळंतपणात किंवा त्यानंतर काही ना काही आजार झाला होता. हे टिपलं गावातल्याच प्रशिक्षित बायांनी. दवाखान्याच्या रजिस्टरवर विसंबून हे कधीच दिसलं नसतं.

आता मूळ मुद्द्याकडे येते. महाराष्ट्रातलं मातामृत्यूचं प्रमाण 2018-20 च्या पाहणीत लाखामागे 33 होतं, देशाचं 97. याचा अभिमान बाळगावा, त्यामागे तुमचे कष्ट आहेत. पण हा आकडा काय मोजतो ते बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार गरोदरपणात किंवा ते संपल्यावर 42 दिवसांत, गरोदरपणाशी संबंधित कारणानं झालेला मृत्यू तेवढा मातामृत्यू. अपघात वगळले जातात. टेंभुर्णीजवळ महामार्गावर दुचाकीवरून पडून सातव्या महिन्याची बाई गेली, तर ती या 33 मध्ये नाही. नवऱ्याच्या लाथेनं गेली, तरी नाही. आत्महत्येला 2012 पासून संघटनेनं मातामृत्यूच्या थेट कारणांत धरायला सांगितलं. आपल्या केसपेपरवर मात्र तिथे ‘विषबाधा’ एवढाच शब्द असतो. जी मरत नाही, तिची इजा तर कुठेच लिहिली जात नाही.

गरोदर शरीर इजा लपवतं, हे आपण शिकलो आहोत. रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढलेलं असतं, त्यामुळे लिटर-दीड लिटर जाईपर्यंत नाडी आणि रक्तदाब जवळजवळ जागेवर राहतात. वीस आठवड्यांनंतर उताणं झोपवलं की गर्भपिशवीचा भार मोठ्या शिरेवर पडतो, म्हणून तिला डाव्या कुशीवर कलतं ठेवायचं. वार सुटली तर रक्त आतच साठू शकतं, बाहेर थेंब दिसत नाही. पोट कडक होतं, बाळाचे ठोके बिघडतात. म्हणून किरकोळ वाटणाऱ्या मारानंतरही किमान 4 तास ठोके बघायचे. रक्तगट निगेटिव्ह असेल तर 72 तासांच्या आत अँटी-डी. आपल्याकडे होतं काय? बाई ‘पाय घसरला’ म्हणते, सासू मान डोलावते, आपण सोनोग्राफीत ठोका बघतो, ‘बाळ ठीक आहे’ सांगतो, आणि तासाभरात ती परत मोटारसायकलवर एका बाजूला बसून निघते.

तालुक्यात साखर कारखाने आहेत, पिंपळनेरचा तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कोयत्यातली, म्हणजे ऊसतोडीच्या जोडीतली बाई पोटुशी असली तरी पहाटे फडात असते, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते, रात्री ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून खोपीवर येते. खाडा झाला तर उचलीतून पैसे कापले जातात, त्यामुळे पडली तरी दवाखाना लांबतो. बीड जिल्ह्यात 2019 मध्ये 82 हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. राज्य हादरलं, कारण कुणीतरी मोजलं होतं. ऊसतोड बायकांच्या गरोदरपणातल्या पडण्याची, ओझ्याची, माराची मोजणी अशी कधी झाली? त्यांचं माहेरचं कार्ड एका जिल्ह्यात, बाळंतपण दुसऱ्यात. रजिस्टरच्या दोन पानांमधून त्या निसटतात.

मनावरच्या घावाचंही तसंच. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये 270 आयांचा अभ्यास छापला. सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के आयांमध्ये नैराश्य होतं. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी होणं यांचा त्याच्याशी संबंध दिसला. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ आणि महापालिकेनं ‘दिलासा’ केंद्र उभं केलं, तिथे मार खाल्लेल्या बाईला एकटीला बसवून विचारायची पद्धत पडली. विचारलं तर बाई सांगते. फक्त सासू-नवरा बाहेर हवेत आणि विचारणाऱ्याला घाई नको.

गरोदर स्त्रियांना औषधांच्या चाचण्यांतून वगळायची सवय थॅलिडोमाइडनंतर जगभर पक्की झाली. हेतू चांगला होता, पण त्यापायी त्यांच्याबद्दलचं ज्ञानही मागे राहिलं. कोविडची लस देशात जानेवारी 2021 मध्ये आली, गरोदर बाईला मुभा मिळाली जुलैमध्ये. ही दरी मोठ्या संस्था भरतील तेव्हा भरतील. आपल्याला औषधाची चाचणी करायची नाही. नोंद करायची आहे.

माझा प्रस्ताव असा आहे. माढा, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, मोडनिंब इथल्या सरकारी आणि खासगी दवाखान्यांनी एकच छापील पान वापरावं. गरोदर बाई इजा होऊन आली की त्यावर महिना, वजन, इजा कशी झाली, किती तासांनी आली, पोटाची आणि ठोक्यांची स्थिती, रक्तगट, आणि पुढे बाळंतपणाचं काय झालं, एवढं लिहावं. पानावर नाव नको, फक्त क्रमांक. नीतिमत्ता समितीची मंजुरी आधी घ्यायची. मंजुरीचा अर्ज मी स्वतः सोलापूरला घेऊन जाईन. घरच्या मारहाणीचा प्रश्न एकांतातच विचारायचा, आणि उत्तर ‘हो’ आलं तर तिला कुठे पाठवायचं हे आधी ठरलेलं हवं. त्याशिवाय विचारणं हा तिच्यावर अन्याय आहे. खोपींवरच्या बायकांची नोंद आशाताईंशिवाय होणार नाही, म्हणून या कामाचा मोबदला त्यांना मिळालाच पाहिजे, आणि पुढे अहवाल छापला तर त्यावर त्यांची नावं हवीत.

दिवाळीच्या आसपास टोळ्या येऊ लागतील, त्याआधी पान छापून हाती पडायला हवं. मसुद्याच्या प्रती बाहेर नोंदणीच्या टेबलावर ठेवल्या आहेत. चहाच्या वेळी परिचारिकांनी आणि आशाताईंनी त्यावर आधी खाडाखोड करावी, डॉक्टरांनी नंतर. दुपारच्या सत्रात आपण तो रकान्यागणिक वाचू.