एकाच वाटेचे बारा महिने

पहाटे फिरून घरी परतलेल्या माणसाला किती अंतर झाले, किती वेळ लागला, हे सारे विचारतात. वाटेत काय दिसले, हे क्वचितच कोणी विचारते. प्रस्तुत व्याख्यान ह्या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे. तो दिल्ली शहराच्या संदर्भात मांडणे सोयीचे ठरेल. कारण लहानसहान आनंद हे नेहमी कोठल्या तरी विशिष्ट ठिकाणचे असतात. शिवाय दिल्लीची ख्याती सध्या गर्दी, गोंगाट आणि धूर ह्यांसाठीच अधिक आहे, आणि अशा ठिकाणी मुद्दा कसास लागतो.

सूर्योदयापूर्वीची दिल्ली निजलेली असते, हा समज खरा नव्हे. पदपथावर पथारी मांडून वृत्तपत्रांचे गठ्ठे सोडले जात असतात. 1974 साली सुरू झालेल्या मदर डेअरीच्या केंद्रापुढे बरणी घेऊन उभे राहणारे वृद्ध अजूनही भेटतात. एखादी स्त्री झाडाच्या बुंध्याशी मुंग्यांसाठी चिमूटभर कणीक टाकून, मागे न पाहता निघून जाते. पहिल्या दिवशी हे सारे नवे असते, दुसऱ्या दिवशी नसते. पुष्कळ लोक ह्याच टप्प्यावर कंटाळून वाट बदलतात. वस्तुतः खरी मौज वाट न बदलणाऱ्याच्याच वाट्याला येते.

ह्याचे उत्तम उदाहरण म्हणजे दिल्लीची झाडे. डिसेंबर 1911 मध्ये राजधानी कलकत्त्याहून हलविण्याची घोषणा झाली आणि फेब्रुवारी 1931 मध्ये नव्या राजधानीचे औपचारिक उद्घाटन झाले. ह्या मधल्या काळात रस्त्यांबरोबर झाडेही लावली गेली. उद्यानविभागाचे प्रमुख डब्ल्यू. आर. मस्टो ह्यांचा त्यात मोठा वाटा होता. एका रस्त्यावर बहुधा एकाच जातीचे झाड, असे धोरण होते: अकबर मार्गावर चिंच, जनपथावर अर्जुन, राजपथावर (2022 पासून कर्तव्यपथ) जांभूळ, आणि 2015 पर्यंत औरंगजेबाचे नाव असलेल्या आजच्या अब्दुल कलाम मार्गावर कडुनिंब. नकाशावर हे धोरण काहीसे लष्करी थाटाचे दिसते. परंतु रोज त्याच रस्त्याने चालणाऱ्याला त्याचा एक अनपेक्षित लाभ होतो: अख्खा रस्ता एकदमच ऋतू पालटतो.

मार्चमध्ये, उत्तर भारतात होळीची धामधूम असते तेव्हा, कडुनिंबाखाली पिवळ्या पानांचा सडा पडतो. वसंतात पानगळ पाहून परगावचा मनुष्य चकित होतो. पंधरवड्यातच तांबूस कोवळी पालवी येते, आणि एप्रिलमध्ये बारीक पांढऱ्या फुलांचा मधासारखा गंध वाटेवर पसरतो. गुढीपाडव्याला ज्यांनी हीच पाने तोंड वाकडे करून चावली आहेत, त्या मराठी माणसाला त्या कडवट झाडाचा हा गोड स्वभाव विशेष जाणवावा. मे महिन्यात बहावा, ज्याला तेथे अमलतास म्हणतात, पिवळे घोस सोडतो. जूनच्या अखेरीस जांभळे पिकतात. त्यांचा ठेका देण्याची प्रथा आहे. एकजण फांदीवर चढून ती हलवितो आणि खाली चौघे चादर ताणून उभे असतात. जी फळे चादर चुकवितात ती फिरणाऱ्याची. त्यांचा जांभळा डाग चपलेवर कित्येक दिवस राहतो.

वाट न बदलण्याचे सर्वांत मोठे पारितोषिक लोदी उद्यानात मिळते. सुमारे नव्वद एकरांचे हे उद्यान 1936 साली लेडी विलिंग्डन पार्क ह्या नावाने खुले झाले. स्वातंत्र्यानंतर त्याला आजचे नाव मिळाले. महंमद शाह सय्यद आणि सिकंदर लोदी ह्यांच्या कबरींभोवती पूर्वी खैरपूर नावाचे गाव होते. ते उठवून येथे हिरवळ केली गेली, ही गोष्ट त्या हिरवळीवर योगासने करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. तेथे सकाळी हास्यमंडळेही भरतात. ह्या मंडळांची चाल 1995 साली मुंबईतील एका उद्यानात डॉ. मदन कटारिया ह्यांनी सुरू केली. त्यांतील हसणे प्रथम ओढूनताणून आणलेले असते आणि नंतर ते पाहणाऱ्यांना खरोखरच हसू येते, हा उपयोगही कमी नव्हे.

ह्या उद्यानात राखी धनेश हा पक्षी आढळतो. विणीच्या हंगामात, एप्रिल ते जूनच्या सुमारास, त्याची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड विष्ठेसारख्या पदार्थांनी लिंपून घेते. केवळ एक फट राहते. पुढे कित्येक आठवडे नर त्या फटीतून तिला फळे भरवितो. एकदाच येणाऱ्याला भुरकन उडालेला एक पक्षी दिसेल. रोज येणाऱ्याला मात्र तो ठराविक फांदीवर थांबतो, इकडेतिकडे पाहतो आणि मगच ढोलीकडे झेपावतो, हे कळू लागते. मग एका सकाळी लिंपण फुटलेले दिसते, आणि फिरणारा घरी ती बातमी कुटुंबातील बातमीसारखी सांगतो.

परंतु ढोली लागते ती जुन्या झाडाला. नव्या दिल्लीची मूळ झाडे आता शतकाच्या घरात आली आहेत. वठलेली फांदी वाटसरूच्या डोक्यावर पडू नये म्हणून ती तोडली जाते, आणि तसे करणे भागच असते. मात्र तिच्या जागी लावलेल्या रोपाला ढोली पडेपर्यंत दोन पिढ्यांचे फिरणारे येऊन जातील. वृक्षारोपणाच्या आकड्यांत हा हिशेब कोठेच येत नाही.

पावसाळा सरला की ऑक्टोबरात सातवीण फुलते. तिचा उग्र वास काहींना मोहवितो, काहींचे डोके दुखवितो. पण दिवाळी जवळ आली हे तो दोघांनाही सांगतो. आणि येथेच वर्षाच्या वाटेत खंड पडतो. थंडीत जमिनीलगतची हवा गार होऊन खालीच बसते, वरची उबदार हवा झाकणासारखी राहते, आणि शहराचा धूर मध्ये कोंडला जातो. हा कोंडमारा रात्री आणि पहाटे सर्वांत दाट असतो. 2016 च्या नोव्हेंबरात तो इतका वाढला की शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आरोग्यासाठी ज्या वेळी फिरावे असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले, नेमकी तीच वेळ तेथे हिवाळ्यात अपायकारक ठरली आहे. म्हणून जाणते लोक ऊन चढल्यावर निघतात, आणि फारच वाईट दिवशी घरीच थांबतात.

रस्ता झाडणाऱ्याला ही मुभा नाही. त्याचा खराटा भल्या सकाळीच चालू होतो. उघड्यावर पाने व कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2015 मध्ये दिल्लीत मनाई केली. तरीही रात्रभर पहारा देणारा रखवालदार थंडीने काकडून काटक्यांची शेकोटी पेटवितोच. त्याला दोष देत नाक दाबून पुढे जाणाऱ्याच्या अंगात लोकरीचा कोट असतो.

फेब्रुवारीच्या मध्यास वारा सुटतो, धुके विरळ होते आणि फिरणारे पुन्हा लवकर निघू लागतात. तोवर काटेसावरीच्या निष्पर्ण फांद्यांवर लाल फुले आलेली असतात. साळुंक्या आणि कावळे त्यांतील मधासाठी भांडतात. त्या झटापटीत मांसल फूल धप्पकन पदपथावर पडते. ह्या झाडाच्या कळ्यांची भाजी करण्याची रीत उत्तरेत आहे. तेव्हा एखादी आजी पदराची झोळी करून झाडाखाली कळ्या वेचताना दिसते, आणि तिच्या पुढ्यातून खराटा जरा वळसा घेऊन जातो.