ग्लासगोचं मिचेल ग्रंथालय



स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराचं संदर्भ ग्रंथालय उभं राहिलं ते तंबाखूच्या पैशातून. स्टीफन मिचेल हे तंबाखूचे कारखानदार. १८७४ साली ते वारले. मृत्युपत्रात त्यांनी ग्रंथालयासाठी शहराच्या नावे ठेवलेली रक्कम ७० हजार पौंडांच्या घरात होती.

दाते पुष्कळ असतात. पण मिचेलसाहेबांची एक अट मला त्या पैशापेक्षा मोलाची वाटते. राजकारण किंवा धर्म यांबाबतच्या रूढ मतांना विरोध करतं, एवढ्याच कारणासाठी कुठलंही पुस्तक अनैतिक ठरवायचं नाही, असं त्यांनी लिहून ठेवलं. काळ व्हिक्टोरिया राणीचा, समाज कडक धर्मनिष्ठ. तिथे असं लिहायला छाती लागते. उद्या कुणी एखाद्या पुस्तकावर उठलं, तर ग्रंथपालाला बोट ठेवून दाखवता येईल असा हा कागद होता.

१८७७ मध्ये इंग्रम स्ट्रीटवर तात्पुरत्या जागेत ग्रंथालय सुरू झालं. पुस्तक मागायचं, तिथेच बसून वाचायचं, परत द्यायचं. घरी न्यायचं नाही. हा नियम जाचक वाटेल, पण त्यात मोठा न्याय आहे. जहाजाच्या कारखान्यातला कामगार संध्याकाळी एखादा महागडा कोश मागायला आला, तर ‘कुणीतरी नेलाय’ हे उत्तर त्याच्या वाट्याला येत नाही.

जागा अपुरी पडत गेली. १८९१ मध्ये मिलर स्ट्रीट, मग नॉर्थ स्ट्रीट. तिथल्या इमारतीची कोनशिला १९०७ साली पोलादाचे उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी बसवली आणि १९११ मध्ये ती घुमटाची देखणी वास्तू खुली झाली. मागच्या बाजूचं सेंट अँड्र्यूज सभागृह १९६२ च्या आगीत जळालं. त्याची दर्शनी भिंत तेवढी राखून पुढे ग्रंथालय तिच्यामागे वाढवलं गेलं.

संग्रह आज दहा लाखांच्या वर आहे. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या कवितांची किल्मार्नॉकला छापलेली १७८६ ची पहिली आवृत्ती तिथे आहे. पण मला जास्त ओढ वाटते ती त्याच इमारतीतल्या शहर दप्तरखान्याची. गरिबांनी मदतीसाठी केलेले एकोणिसाव्या शतकातले अर्ज तिथे जपलेत. नाव, जन्मगाव, मुलाबाळांची नावं, आजार, सगळं अधिकाऱ्याने हाताने लिहिलेलं. आयर्लंडहून, डोंगराळ हायलँड्समधून पोटासाठी आलेली ही माणसं. कित्येकांच्या वंशजांना आपल्या पणजोबांचा पत्ता लागतो तो या अर्जांतूनच.