मनाच्या दारावरचा पहारेकरी
(महोत्सवी सप्ताहांत धर्मग्रामाच्या सभागृहांत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या या आठवड्यांत आपल्या पूर्वजांचें, दानशूरांचें आणि देवळाच्या बांधकामाचें गुणवर्णन आपण पुष्कळ ऐकिलें. तें योग्यच आहे. परंतु समितीनें मला विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हां मनांत आलें कीं, जी गोष्ट महोत्सवाच्या अंकांत सहसा छापली जात नाहीं तिच्याविषयींच बोलावें. मनुष्य स्वतःपासून स्वतःला कसा लपवितो, हा आजचा विषय आहे. नांव ऐकून तो अवघड वाटेल; पण त्याचीं उदाहरणें प्रत्येकाच्या घरांत सांपडतील, म्हणून समजण्यास अडचण पडूं नये.

मानसशास्त्रज्ञ याला मनाची संरक्षण-यंत्रणा म्हणतात. व्हिएन्ना येथील डॉक्टर सिग्मुंड फ्रॉइड यानें १८९४ सालच्या एका निबंधांत 'संरक्षण' हा शब्द या अर्थानें योजिला. आणि पुढें त्याची कन्या ॲना फ्रॉइड, जी आधीं लहान मुलांच्या शाळेंत शिक्षिका होती, तिनें १९३६ सालीं या सर्व युक्त्यांविषयीं एक स्वतंत्र पुस्तक लिहिलें. दोन वर्षांनीं हिटलरनें ऑस्ट्रिया घेतला व बापलेकींस लंडनला आश्रय शोधावा लागला. धर्माविषयीं फ्रॉइडचीं मतें आपणांस मान्य होण्यासारखीं नाहींत, आणि तीं मान्य करा असें सांगण्यास मी येथें उभा नाहीं. पण वैद्य आपल्या धर्माचा नसला म्हणून त्यानें पाहिलेली नाडी खोटी ठरत नाहीं.

ही यंत्रणा चालते ती अशी. मनाच्या दारावर एक पहारेकरी बसलेला असतो. एखादी इच्छा, एखादें भय किंवा एखादा अपराध आंत येऊं लागला, आणि त्यास पाहून घरधन्याला असह्य वेदना होईल असें वाटलें, कीं हा पहारेकरी त्याला परत पाठवितो, किंवा त्याचा वेष बदलून मग आंत सोडतो. यांत नवल एवढेंच कीं, आपल्या दारावर असा कोणी बसला आहे हें घरधन्यास ठाऊकच नसतें. लबाडी आणि ही गोष्ट यांत भेद आहे तो येथेंच. लबाड मनुष्याला खरें काय तें माहीत असतें. येथें मात्र बोलणाराच सर्वांच्या आधीं फसतो.

आपल्या आज्यांना व्हिएन्नाची वार्ता नव्हती, तरी हें शास्त्र त्यांना तोंडपाठ होतें. मांजर डोळे मिटून दूध पितें, असें त्या म्हणत. वडिलांच्या छातींतील दुखणें 'वाताचें आहे' म्हणून महिनोन् महिने ओवा आणि हिंग देत राहणारें घर मीं पाहिलें आहे. 'सणासुदीलाच घेतात हो' असें शेजारणीला सांगणारी आणि नवऱ्याच्या रित्या बाटल्या काळोख पडल्यावर विहिरीमागें पुरणारी पत्नीही मीं पाहिली आहे. तिच्या हातांना सारें माहीत होतें. जिभेला माहीत नव्हतें. मरणासन्न रुग्णांशीं शेंकडों वेळां बोलून एलिझाबेथ क्युबलर-रॉस या डॉक्टरीणबाईंनीं १९६९ सालीं जें पुस्तक प्रसिद्ध केलें, त्यांतही रुग्णाची पहिली अवस्था म्हणून हा नकारच सांगितला आहे.

नाचतां येईना, अंगण वांकडें, ही दुसरी युक्ति. मनांत एक कारण असतें आणि आपण दुसरेंच, अधिक शोभिवंत असें, पुढें करतों. अर्नेस्ट जोन्स नांवाच्या डॉक्टरानें १९०८ सालीं या युक्तीला शास्त्रीय नांव दिलें. पण संत इग्नासनें आपल्या आध्यात्मिक साधनेच्या ग्रंथांत सोळाव्या शतकांतच तिचें चित्र काढून ठेविलें आहे. तिघांजवळ प्रत्येकीं दहा हजार सुवर्णनाणीं आहेत. तीं निर्मळ हेतूनें मिळविलेलीं नाहींत, म्हणून तिघांच्याही अंतःकरणाला शांति नाहीं. पहिला म्हणतो, पुढें पाहूं; आणि मरणापर्यंत कांहींच करीत नाहीं. तिसरा, देवाची इच्छा असेल तर ठेवीन, नसेल तर सोडीन, असा मोकळा होतो. मला भय वाटतें तें मधल्याचें. त्याला आसक्ति सोडावयाची आहे, पण नाणीं जवळ राहतील अशा रीतीनें सोडावयाची आहे! तो देवाला आपल्या तिजोरीपाशीं बोलावितो. सेमिनरींत असतांना हें वाचून आम्ही हंसलों होतों. त्या वयांत हंसूं येतेंच.

चोराच्या मनांत चांदणें, ही तिसरी. आपल्या मनांतला विकार दुसऱ्याच्या चेहऱ्यावर दिसूं लागतो. दावीद राजाला एका श्रीमंतानें गरिबाचें एकुलतें कोंकरूं हिरावल्याची कथा नाथानानें सांगितली, तेव्हां राजा संतापानें त्या श्रीमंतास देहांत शिक्षा सांगूं लागला. आणि मग नाथानानें त्याच्याकडेच बोट केलें. उरियाची पत्नी राजानें घरांत आणून ठेविली होती आणि उरियाला युद्धांत मारविलें होतें. परंतु कथेंतील श्रीमंताचा त्याला आलेला राग अगदीं खरा होता, हें लक्षांत ठेवावें. वड्याचें तेल वांग्यावर, ही चौथी; तिला उदाहरण नको, कचेरींतून घरीं आलेल्या प्रत्येक गृहस्थाच्या मुलांना ती ठाऊक आहे.

आतां एक हकीकत जरा विस्तारानें सांगतों. ती घडलेली आहे. ज्या व्हिएन्ना शहरांत पुढें फ्रॉइडनें वैद्यकीचे धडे घेतले, तेथील मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत १८४६ सालीं प्रसूतीचे दोन विभाग होते. एका विभागांत डॉक्टर व वैद्यकीचे विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यांत सुइणी. सुइणींच्या विभागांत त्या वर्षीं शंभर बाळंतिणींत तीनही दगावल्या नाहींत. डॉक्टरांच्या विभागांत शंभरांत अकराहून अधिक गेल्या. ही गोष्ट गांवांत सर्वांस ठाऊक होती. गरीब स्त्रिया गुडघे टेंकून, हात जोडून विनवीत कीं आम्हांला त्या विभागांत घालूं नका. हंगेरींतून आलेला इग्नाझ सेमेलवाइस हा तरुण डॉक्टर तेथें नेमलेला होता. त्याला या प्रकारानें झोंप येईना.

कारणें सांगणारे पुष्कळ होते. हवा दूषित आहे. गर्दी फार आहे. परदेशी विद्यार्थी दांडगाईनें तपासतात. एक कारण तर आम्हां धर्मगुरूंवरही आलें होतें. अंत्यसंस्कार देण्यास जाणारा पाद्री घंटा वाजवीत त्या विभागांतील खाटांमधून जाई, तेव्हां त्या भयानें बाळंतिणी मरतात कीं काय, अशी शंका सेमेलवाइसला आली. त्यानें पाद्र्यास विनवून वाट बदलविली व घंटा बंद करविली. कांहीं फरक पडला नाहीं. पुढें १८४७ च्या मार्चमध्यें त्याचा मित्र प्राध्यापक कोलेत्च्का हा शवविच्छेदनाच्या वेळीं एका विद्यार्थ्याच्या सुरीनें बोट कापून वारला. त्याच्या देहांत त्याच बाळंतरोगाचीं चिन्हें दिसलीं, आणि सेमेलवाइसला उलगडा झाला. डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळीं प्रेतें फाडीत आणि त्याच हातांनीं प्रसूतिगृहांत येत. सुइणी प्रेतांना शिवत नसत. मे महिन्यापासून त्यानें प्रत्येकास क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुवावयास लाविलें, आणि थोड्याच महिन्यांत मृत्यूंचें प्रमाण शंभरांत दोनांच्या आसपास उतरलें.

कोणासही वाटेल कीं, साऱ्या डॉक्टरांनीं त्याचे हात चुंबिले असतील. तसें झालें नाहीं. कित्येक मोठमोठ्या प्राध्यापकांनीं त्याचें म्हणणें झिडकारलें, आणि त्याची नेमणूक संपली तेव्हां ती पुढें चालविली नाहीं. न्यायासाठीं हेंही सांगितलें पाहिजे कीं, त्या काळीं रोगजंतूंचें ज्ञान नव्हतें, आणि सेमेलवाइसनेंही आपलें सविस्तर पुस्तक लिहावयास १८६१ साल उजाडूं दिलें. म्हणून प्रामाणिक शंका घेण्यास जागा होती. पण मला असें वाटतें कीं, शंकेच्या मागें दुसरेंही कांहीं होतें. सेमेलवाइसचें म्हणणें खरें मानलें, तर प्रत्येक वृद्ध, सन्मान्य, दयाळू डॉक्टरास आपल्या हातांकडे पाहून म्हणावें लागलें असतें कीं, याच हातांनीं मीं किती माता मारिल्या. तें कोण म्हणूं शकेल? त्यापेक्षां हवा दूषित असणें बरें. पहारेकऱ्यानें दार लाविलें. आणि त्या बंद दारामागें, व्हिएन्नांत आणि इतरत्र, स्त्रिया मरत राहिल्या. सेमेलवाइसनें स्वतः मात्र लिहून ठेविलें कीं, आपल्यामुळें अकालीं थडग्यांत गेलेल्या स्त्रियांची संख्या एका देवालाच ठाऊक. पुढें त्यानें विरोधकांस उघड पत्रें लिहून खुनी म्हटलें, आणि १८६५ सालीं तो वेड्यांच्या इस्पितळांत मरण पावला.

इतकें ऐकून कोणी म्हणेल, तर मग हा पहारेकरीच काढून टाकावा. थांबा. त्याच काळीं उत्तर जर्मनींतील कील येथें मिखाएलिस नांवाचा प्राध्यापक होता. त्यानें सेमेलवाइसचें म्हणणें तत्काळ मान्य केलें आणि आपल्या प्रसूतिगृहांत हात धुण्याचा नियम घातला. पण नुकतीच त्याची एक आप्त स्त्री, जिची प्रसूति त्यानें स्वतः केली होती, याच रोगानें वारली होती. आतां त्याला कळलें कीं तो रोग कोणीं नेला. मधें कोणतेंही दार उरलें नाहीं. त्याचें मन खिन्नतेंत बुडालें, आणि १८४८ च्या ऑगस्टमध्यें त्यानें आगगाडीखालीं देह टाकिला. ज्यांनीं सत्य नाकारिलें ते सुखानें जगले, आणि ज्यानें स्वीकारिलें तो मेला. या गोष्टीवर मीं पुष्कळ विचार केला आहे. तिचा सरळ हिशोब मला अजून जमलेला नाहीं. एवढें दिसतें कीं, त्या सत्याबरोबर त्याच्याजवळ बसावयास कोणी नव्हतें.

म्हणून, ज्या मातेचा मुलगा गेला आहे आणि जी अजून त्याचें ताट वाढते, तिला 'तो गेला, आतां शहाणी हो' असें सांगणाऱ्या शहाण्यांचा मला राग येतो. तिचा पहारेकरी तिला थोडा वेळ मिळवून देत आहे. हाडाला बांधलेली फळी हाड जुळेपर्यंत ठेवावी लागते. ती आधींच काढणारा वैद्य नव्हे. फळी जन्मभर बांधून ठेवली तर मात्र हात वाळतो. जॉर्ज व्हेलंट या अमेरिकन डॉक्टरानें, हार्वर्डच्या कांहीं विद्यार्थ्यांच्या आयुष्याचा १९३८ पासून जो अभ्यास चालला होता, त्याच्या आधारें १९७७ सालीं पुस्तक लिहिलें. त्याचें म्हणणें असें कीं, दार लावणें कोणालाच चुकत नाहीं. पण कांहीं माणसें वयाबरोबर अधिक चांगलीं दारें लावावयास शिकतात. तीं आपल्या दुःखावर हंसूं शकतात, किंवा तेंच दुःख दुसऱ्याच्या सेवेंत ओततात. आपल्या गांवांत मूल गमावलेली एक बाई पंचवीस वर्षें दुसऱ्यांच्या मुलांना फुकट शिकवीत आली आहे. तिचें नांव सांगितलें तर ती मला क्षमा करणार नाहीं.

पापनिवेदनांत ऐकलेलें कांहीं मी सांगणार नाहीं, हें तुम्ही जाणतां. पण धर्मगुरु दुसऱ्यांच्याच दारांविषयीं बोलतो आणि आपल्या दाराला हात लावीत नाहीं, असें म्हणण्यास जागा राहूं नये, म्हणून एक गोष्ट माझी स्वतःची सांगतों.

मी दुसऱ्या एका धर्मग्रामांत साहाय्यक होतों तेव्हांची गोष्ट; तिला पंचवीस वर्षें झालीं. पावसाळ्याची रात्र होती. साडेदहाच्या सुमारास एक मुलगा भिजत आला आणि म्हणाला, "फादर, बाबांचें जास्त आहे, आई बोलावते." त्याचे वडील अनेक महिने आजारी होते. याआधीं तीन वेळां मला असेंच बोलावणें आलें होतें, मी गेलों होतों, आणि तिन्ही वेळां ते सांवरले होते. मीं मुलाला सांगितलें, "सकाळची मिस्सा आटोपली कीं लगेच येतों." तो गेला. मला झोंप आली नाहीं. मी दिवा लावून वाचीत बसलों, आणि वाचतांना मनाशीं म्हणत होतों कीं, पाऊस फार आहे. पहांटे मिस्सा आहे. त्यांना तीनदां अभ्यंग झालाच आहे. पहांटे चार वाजतां ते गृहस्थ वारले.

सकाळीं देवळांतील सेवेकऱ्याला मेणबत्ती वांकडी लावल्याबद्दल मी इतका बोललों कीं तो रडला. वडील धर्मगुरूंनीं विचारलें तेव्हां, "निरोप उशिरां आला," असें मीं सांगितलें, आणि सांगतांना तें मला खरें वाटलें. अंत्यविधि मीं एवढ्या थाटानें केला कीं त्या वाड्यांत तसा पूर्वीं झाला नव्हता. दक्षिणा घेतली नाहीं. आणि त्यानंतर कित्येक वर्षें माझी पक्की समजूत होती कीं, तें कुटुंब गर्विष्ठ आहे आणि त्यांच्या मनांत माझ्याविषयीं अढी आहे. मघांशीं ज्या युक्त्या मोजल्या त्यांतील एकही मीं सोडली नव्हती.

पुढें एका ध्यानसाधनेंत तीं दहा हजार नाणीं पुन्हां पुढें आलीं. या वेळीं हंसूं आलें नाहीं. परत आल्यावर मी बदलीच्या गांवाहून मुद्दाम त्या बाईंच्या घरीं गेलों. त्यांच्या अनुमतीनेंच हें सांगत आहें. ओटीवर बसून मीं म्हणालों, "त्या रात्रीं मला येतां आलें असतें. मी आलों नाहीं."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "फादर, मी दोनदां दारांत येऊन पाहिलें. शेतापलीकडे तुमच्या खिडकींत दिवा जळत होता. मला वाटलें, निघालेच असाल."

मला कांहीं बोलतां आलें नाहीं. त्या उठल्या, आंत गेल्या, आणि चुलीवर चहाचें आधण ठेवल्याचा आवाज मला ओटीवर ऐकूं आला.